पथ्य कसं धरावं : शिरूर अनंतपाळ आवृत्ती

आधी तुम्ही बरोबर शिरूरला उतरलात ना, ते पाहा. एक शिरूर पुणे जिल्ह्यात आहे. दुसरं बीडमध्ये, शिरूर कासार. तिसरं आमच्याच लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात, शिरूर ताजबंद; आमच्याकडे निघालेली पार्सलं आणि लग्नपत्रिका अधूनमधून तिथं मुक्कामाला जातात. ही मार्गदर्शिका १९९९ साली तालुका झालेल्या शिरूर अनंतपाळासाठी आहे. बाकीच्या शिरूरकरांनी ती आपापल्या जबाबदारीवर वापरावी. तिकडचे पाहुणे वेगळे, तिकडचा आग्रह वेगळा, आणि पथ्य किती दिवस टिकणार हे शेवटी आग्रहावर ठरतं.

लेखकाची पात्रता विचाराल, तर मी आजवर सात वेळा पथ्य धरलं आणि सहा वेळा सोडलं. सातवं चालू आहे. सोमवारपासून.

पायरी पहिली : शुगर निघणे

आपल्याकडे पथ्याची सुरुवात इच्छेनं होत नाही, शिबिरानं होते. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं, वर पांढरी चादर, मागं फलक. फलकावर सतरा फोटो, त्यात डॉक्टरांचा एकही नाही. आपण सहज म्हणून जातो, फुकट आहे म्हणून बोट पुढं करतो, आणि टोचणारी ताई आकडा बघून शेजारच्या ताईकडे बघते. झालं. आपण घरी पोचायच्या आत गल्लीला कळलेलं असतं.

"शुगर निगाली म्हणं तुमची?"

"निघाली" हा शब्द नीट ऐका. बोअरला पाणी निघावं तशी ती निघते. फरक एवढाच की बोअरला निघालं की पेढे वाटतात, आणि इथं निघाली की पेढे बंद होतात.

यानंतर आठ दिवस सल्ल्यांचे असतात. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, सदाफुलीची पानं, आणि कुणाच्या तरी मेव्हण्याला पंधरा दिवसांत बरं करणारं एक चूर्ण. नवशिक्यानं कुणाशीही वाद घालू नये. "बगतो की" एवढं म्हणून पुढं सरकावं. फक्त एक खूण ध्यानात ठेवा. तुमची गोळी बंद करायला सांगणारा माणूस स्वतःची गोळी कधीच बंद करत नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात पाकीट असतं. डोकावून बघा.

घरी गेल्यावर हेही बघा की पथ्य लागलं कुणाला आणि कामाला कोण लागलं. शुगर माझी निघाली; पण दुसऱ्या दिवसापासून कमी तेलाची वेगळी भाजी, बिनसाखरेचा वेगळा चहा, पाच वाजता मोड आलेली मटकी, हे सगळं जादा खातं घरच्या बाईच्या नावावर पडलं. गावात मात्र नाव झालं माझं. "लई कडक पथ्य पाळतेत ते."

पायरी दुसरी : चहाला नाही म्हणणे

ही पायरी कुणालाही जमलेली नाही. तरी सराव म्हणून देतो.

तुम्ही दुकानात खिळे घ्यायला गेला आहात.

"चा घ्या की वो."

"नको, शुगर आहे."

"मग अर्धाच घ्या."

आपल्याकडे चहा मुळात अर्धाच असतो. अर्ध्याचा अर्धा म्हणून जो येतो तो काठोकाठ भरलेला असतो. "बिनसाखरेचा सांगा" म्हटलं, तर पोरगा "कमीच टाकलीय" असं सांगत आणतो, म्हणजे तीनाऐवजी दोन चमचे. उपास आहे म्हणावं, तर चहा उपासाला चालतो. आत्ताच घेतला म्हणावं, तर कुठं घेतला, कुणी पाजला, आमचाच का नको, असं प्रकरण पार भावकीपर्यंत जातं.

हिशेब करा. एक चमचा साखर साधारण पाच ग्रॅम. दोन चमच्यांचा एक चहा, दिवसात सहा. साठ ग्रॅम झाले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराचे १७ नियम काढले. त्यांच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे तिसऱ्या चहाला आपण हद्द ओलांडलेली असते आणि खिळे अजून घ्यायचेच असतात.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषांनी घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवावी. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण चहातला टॅनिन अन्नातलं लोह अडवतो. आशाताई लाल गोळ्या देऊन जाते. गोळी कडू लागते म्हणून बाई ती चहासोबत घेते. गोळी पोटात जाते, लोह रक्तात फारसं जात नाही. ताई पुढच्या महिन्यात पुन्हा बोट टोचते आणि म्हणते, "रक्त कमीच हाय की मावशी." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. चहा हे याचं एकमेव कारण नव्हे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते खाणं, हे त्याहून मोठं कारण आहे. पण चहा बंद करायला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी तो. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घ्यावी, नाहीतर पेरूच्या फोडीसोबत.

पायरी तिसरी : चालायला जाणे

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. सांगायला सोपं आहे. तुम्ही पांढरे बूट घालून फाट्याकडे निघता. दोनशे पावलं होतात न होतात, तोच मागून मोटारसायकल येऊन थांबते.

"कुटं निगालाव?"

"चालायला."

"ते कळलं, पर कुटं?"

आपल्याकडे माणूस कुठंतरी जायला चालतो. नुसतं चालायला चालणारा दिसला की गाडी बिघडली असणार किंवा घरात भांडण झालं असणार. "बसा की, सोडतो." नको म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. पहिल्या महिन्यात मी असा सतरा वेळा सोडला गेलो. दोनदा तर साकोळपर्यंत. परत यायला एसटी.

यावरचा उपाय म्हणजे हातात काहीतरी धरणे. रिकामी पिशवी, विळा किंवा पाण्याची घागर. काहीतरी काम आहे असं दिसलं की कुणी अडवत नाही. मी हल्ली विळा घेऊन चालतो. लोकांना वाटतं गवताला चाललो. एकदा वाटेत खरंच गवत कापलं, तेव्हा पहिल्यांदा घाम आला.

पायरी चौथी : काय खावे

इथं नवशिके दोन जातींचे असतात.

पहिली जात पुण्याच्या पोराचं ऐकणारी. पोरगा दिवाळीला येताना ओट्सचं पाकीट आणि किनोवा आणतो. किनोवा हा राजगिऱ्याच्या लांबच्या भावकीतला दाणा, वनस्पतिशास्त्रात दोघांचं कूळ एकच. राजगिरा आपल्याकडे एकादशीला लाडवात सापडतो, किनोवा डब्यात सापडतो, झाकण न उघडलेला. तोच पोरगा परत जाताना बापाच्या ज्वारीचं पोतं गाडीत टाकायला नको म्हणतो आणि पुण्यात ज्वारीची बिस्किटं विकत घेतो, कारण पुड्यावर मिलेट लिहिलेलं असतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी आम्हाला कळलं की आपण जन्मभर मिलेट खात होतो. आधी कुणी सांगितलं असतं तर जरा ऐटीत खाल्लं असतं.

दुसरी जात भाकरीभक्तांची. यांचं म्हणणं एकच : आमच्या आजोबांनी नुसती भाकर-मिरची खाल्ली आणि नव्वद वर्षं जगले. भाकरीभक्तांनी पुढचा भाग दोनदा वाचावा.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेत १९५८ साली कुन्नूरहून पोषणाची प्रयोगशाळा हलवली गेली, तीच पुढं राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिथले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरीब, जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या माणसांत पेलाग्रा हा आजार पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातांवर काळे, खरखरीत चट्टे, जुलाब, पुढं पुढं डोक्यावर परिणाम. हा आजार मक्यावर जगणाऱ्यांना होतो हे जगाला ठाऊक होतं; ज्वारीवाल्यांना का, हा प्रश्न होता. १९६० साली त्यांनी ज्वारीतल्या ल्युसीन नावाच्या घटकावर बोट ठेवलं. त्यावर शास्त्रज्ञांत नंतर बरीच वादावादी झाली, पण गरिबाच्या ताटातला दोष सरळ होता : ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही नव्हतं. डाळ नाही, पालेभाजी नाही, शेंगदाणा नाही, दुधाचा थेंब नाही. पेलाग्रा टाळायला लागणारं नायसिन शेंगदाण्यात भरपूर असतं.

म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि लाल मिरचीचा नुसता ठेचा, यांत फरक करा. "चटणी-भाकर म्हणजे स्वर्ग" असं म्हणणाऱ्याच्या घरी वरणही शिजलेलं असतं. ज्याच्या घरी शिजत नव्हतं, त्यानं स्वर्ग असं कधी म्हटलं नाही.

वरणावरून आठवलं. २०२४ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्याच्या तीन मालांना भौगोलिक मानांकन मिळालं : बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. पहिली दोन गावं शेजारच्या निलंगा तालुक्यातली. म्हणजे वरणाला लागणारी डाळ, आंबट आणि वरची कोथिंबीर, तिन्ही सरकारदरबारी नोंदली गेली. राहिलं मीठ. ते आपण भरपूर टाकतो. (दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा, त्यात लोणचं, पापड आणि "जरा वरून द्या" हे सगळं आलं.)

नवशिक्यांचा नेहमी गोंधळ होतो तो एक शब्द सांगून ठेवतो. सकाळी कुणी म्हटलं, "सुशीला खाल्ली का?" तर दचकू नका. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाण्यांचा फोडणी दिलेला नाश्ता आहे तो. दाणे आणि कांदा जास्त टाकून घ्या, तेल कमी.

पायरी पाचवी : घरात काय राहतं ते बघणे

पाच वाजता कॅन डेअरीला जाते. सहाला मेथी आणि कोथिंबीर आडतीला. अंडी टपरीवर. तूर निघाली की लातूरला, सोयाबीन तर निघायच्या आधीच मनानं लातूरला. मग दुपारी पोरगं "खायला दे" म्हणतं आणि आजी कनवटीचे पाच रुपये काढून देते. पोरगं दुकानातून वाऱ्यानं फुगलेली पुडी आणतं. पुडीत वारा जास्त, मीठ त्याच्या खालोखाल.

करडईचंही तसंच. मराठवाडा हा करडईचा मुलूख. घाण्याचं तेल, भाकरीवर धार, वर तिखट. आता सोयाबीन शेतात आणि तेल प्लास्टिकच्या पुडीत, ते कशाचं हे पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. चष्मा लावून वाचावं. नाही वाचलं तरी सांगतो, बऱ्याचदा पामचं असतं.

या सगळ्या तालुक्यात तोलूनमापून जेवायला कुणाला मिळतं, माहीत आहे? जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या पोराला. त्याच्यासाठी सरकारनं ठरवलंय : रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावीपासून १५० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम प्रथिनं. गुरुजींना असं काही ठरवून दिलेलं नाही, सरपंचांनाही नाही. पोटं बघून ते कळतंच.

सप्टेंबर हा पोषण महिना. २०१८ पासून देशभर पाळतात. अंगणवाडीत कडधान्यांची रांगोळी निघते, मुगाचा मोर, मसुरीचा पिसारा, पालेभाज्यांचं प्रदर्शन, गरोदर बाईची ओटी. ताया मनापासून करतात, त्यांना नावं ठेवणार नाही. माझी तक्रार पाहुण्यांबद्दल आहे. भाषण संपलं की पाहुण्यांसाठी चहा आणि समोसे येतात, आणि मोराच्या पिसाऱ्यातली मसूर संध्याकाळी झाडून भरली जाते. एका वर्षी मी पाहुणा होतो. समोसे दोन खाल्ले.

पायरी सहावी : लग्न, जत्रा, जावई

या पायरीवर पथ्य मोडणार हे गृहीत धरा, म्हणजे वाईट वाटणार नाही.

लग्नात पंगत असेल तर वाढप्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. भिडला की जिलबी पडते. ताटावर आडवा हात धरला तर हातावर पडते. उभ्यानं जेवायचं असेल तर तुमच्या ताटात काय आहे हे चार पाहुणे येऊन बघतात आणि "एवढंच?" म्हणतात. एकादशीचं मी सांगायला नको. एकादशी दुप्पट खाशी, आणि साबुदाणा म्हणजे नुसतं पिठूळ, त्यात शेंगदाणे आहेत म्हणून अब्रू राहते.

जावयांची स्थिती सगळ्यांत बिकट. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि नाही म्हटलं तर सासूच्या डोळ्यांत पाणी. दिलासा एवढाच की अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो. म्हणजे पथ्याला साडेबत्तीस महिने मोकळे सापडतात. जावयांनी ते वाया घालवू नयेत.

जत्रेचं मात्र जरा थांबून सांगतो. आपल्या तालुक्यात उजेड गाव आहे. तिथं जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला जत्रा भरते ती देवाची नाही, महात्मा गांधींची. गांधीबाबाची जत्रा. देशात अशी दुसरी सहज सापडायची नाही. आता गांधी म्हणजे खाण्याच्या प्रयोगांत आयुष्य घालवलेला माणूस. मीठ सोडून पाहिलं, डाळ सोडून पाहिली, १९२९ मध्ये न शिजवलेलं अन्न खाऊन पाहिलं आणि ते अंगाला लागेना तेव्हा तसं कबूलही केलं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर पुस्तक लिहायला बसले, तेच 'आरोग्याची गुरुकिल्ली'. त्यांच्या नावाच्या जत्रेत आम्ही काय खातो? भजी, जिलबी, शेव, पुन्हा भजी. बाबा वरून बघत असतील तर निदान एवढं तरी समाधान मानत असतील की सगळ्या जातीधर्माची माणसं एकाच कढईतलं खातात.

पायरी सातवी : येळवस

आता खरी गोष्ट. वरच्या सहा पायऱ्या जमल्या नाहीत तरी चालेल.

मार्गशीर्ष अमावास्येला पंचांगात दर्शवेळा अमावास्या म्हणतात, कागदोपत्री वेळ अमावास्या आणि आमच्या तोंडी येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडच्या काही भागांत आणि पलीकडे कर्नाटकात हा सण. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. नाही दिली तरी कार्यालयात कोण सापडणार आहे? लातूरचे रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही, त्याला कुणाच्या तरी शेताचं आवतण असतंच. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव, चुन्यानं रंगवलेले. आमच्या रानात आता सगळं सोयाबीन, त्याला कसला आलाय कडबा. म्हणून आम्ही चार पेंढ्या विकत आणतो आणि कोप करतो. दरवर्षी कोप थोडी बुटकी होत चाललीय.

पण मी सांगत होतो ते जेवणाचं. आदल्या रात्री आमच्या काकूच्या चुली विझत नाहीत. मोठ्या पातेल्यात भज्जी असते. ही तळलेली भजी नव्हे, नवशिक्यांनी नीट वाचावं : भज्जी. तुरीचे हिरवे सोले, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाचे दाणे, ओल्या शेंगांचे दाणे. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर. त्याला हरभऱ्याचं पीठ लावून, चिंच आणि ताक घालून, हिरवी मिरची आणि लसणाचा ठेचा टाकून ती घोटतात. रंग शेवाळासारखा होतो. दिसायला यथातथा. पहिल्यांदा येणारा पाहुणा पातेल्यात बघतो आणि विचारात पडतो. दुसऱ्या वेळी येणारा पातेल्याजवळ बसतो. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, ज्वारीचा आंबटभात, धपाटे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि आंबील : ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं लावून, मातीच्या भांड्यात ठेवलेली. त्या थंडगार आंबिलीचा एक तांब्या घशाखाली गेला की माणूस पुढच्या तासात कुठलाच निर्णय घेत नाही. बांधावर पेरू आणि बोरं असतातच.

दोन वर्षांमागं मी एक आगाऊपणा केला. खिशात मावणारा वजनकाटा शेतात नेला. पोषण संस्थेनं माणशी एका दिवसाचं ताट आखून दिलंय : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. म्हटलं, आपलं ताट यात कुठं बसतं बघू. पत्रावळ काट्यावर ठेवली. काकू उंडे वाढायला आली ती थबकली.

"काय करूलालाव हे?"

"मोजतोय काकू. भाजी किती ते."

"आन्नाला मोजत नसतेत येळवसीला," असं म्हणून तिनं काट्यासकट वर एक पळी भज्जी ओतली.

तरीही मोजायचं तेवढं मोजून झालं होतं. भाज्या आणि सोले मिळून माझ्या ताटानं दिवसाचा आकडा एका जेवणात गाठला होता. डाळीही. ताक आंबिलीतून, दाणे-तीळ पोळीतून, फळ बांधावरून. धान्य तीन तऱ्हेचं, ज्वारी, बाजरी, गहू. ज्वारीत कमी पडणारं लायसिन तुरीच्या आणि हरभऱ्याच्या सोल्यांत भरपूर असतं. म्हणजे दोघं एकमेकांचं भागवतात. खीर दोन वाट्या झाली आणि तूपही नियमाच्या पलीकडे गेलं, ते मी वहीत लिहिलं नाही.

आणखी एक गोष्ट काट्यावर दिसत नव्हती. त्या दिवशीही बायका शेवटीच जेवायला बसल्या. पुरुष, पोरं, पाहुणे, रस्त्यानं जाणारे दोन अनोळखी, मग त्या. पण पातेलं एवढं मोठं होतं की शेवटच्या पत्रावळीवरही तेवढीच भज्जी पडली. वर्षातला हा एक दिवस मी असा पाहिला आहे, ज्या दिवशी शेवटी जेवणारीच्या ताटात तळाचं, करपलेलं, उरलंसुरलं नसतं. तिथंच बांधावर मला आशाताईचं ते "रक्त कमीच हाय" आठवलं.

जेवण झाल्यावर मी काकूला विचारलं, "एवढं चांगलं जेवण वर्षातून एकदाच का? सगळं तर आपल्याच रानातलं, नाहीतर आठवडी बाजारातलं. महिन्यातून चारदा भज्जी केली तर माझ्या गोळ्या सुटतील."

गोळ्या सुटतील हे मी जरा वाढवून बोललो. काकूनं ते कानावर घेतलं नाही. तिनं पदरानं हात पुसला आणि विचारलं,

"सोलायला कोन बसतंय?"

हिरवी तूर सोलायला किती वेळ लागतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. वाटीभर सोल्यांना अर्धा तास गेला, नखं काळीनिळी झाली आणि हाताला शेंगेचा चिकट वास राहिला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. काकूच्या पातेल्यात तसल्या तीसेक वाट्या होत्या. आठवडाभर सासू-सुना, पोरी, शेजारणी रोज रात्री घमेलं मधे ठेवून सोलत होत्या. त्या वेळी आम्ही पुरुष दुसऱ्या खोलीत बसून कारल्याचा रस बरा की मेथ्या, यावर बोलत होतो.

म्हणून शेवटची पायरी, जी कुठल्याही शिबिरात सांगत नाहीत. तुरीच्या शेंगा डिसेंबरात बाजारात येतात. किलोभर आणा. पुरुष माणसांनी आणा आणि पुरुष माणसांनीच घमेलं मधे ओढा. चहा मागू नका. घमेलं तिथं फळीवर आहे, शेंगा पिशवीत आहेत. बसा.